बैठकीला बसणारे गाव : मेंढा (लेखा) ग्रामसभेची वाटचाल

संस्थापक, अध्यक्ष, चिटणीस यांची छायाचित्रे ओळीने लावावीत असा हा इतिहास नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेने चार दशकांच्या आत सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सांभाळ स्वतःच्या हाती घेतला, देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत आपले नाव लिहिले, आणि पुढे गावातली शेतजमीनही ग्रामदानात आणली. एवढे सगळे करताना तिने नेता निवडला नाही, माणसे मात्र पुष्कळ घडवली. या माणसांनी काय केले, कशाच्या बळावर केले आणि त्यासाठी स्वतःचा किती वेळ घातला, ते या लेखात नोंदवायचे आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर लेखा लागते. मेंढा त्याला लागूनच आहे. म्हणून कागदोपत्री नाव पडले मेंढा (लेखा). शंभराच्या आसपास घरे, सगळी गोंडांची. धानाची शेती, जवळून वाहणारी कठाणी नदी, आणि चहूकडे बांबू, साग, मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, बेहडा यांचे जंगल. गावाच्या शिवारात शेतीपेक्षा जंगल कितीतरी पटींनी जास्त आहे. इथला माणूस मोहफुलाच्या दिवसांत पहाटे रानात असतो आणि तेंदूच्या हंगामात घरातली सगळी माणसे पाने तोडायला जातात. घर, कुंपण, टोपली, सूप, मासे धरायचे सापळे हे सगळे बांबूतून निघते. त्यामुळे जंगल कुणाचे, हा प्रश्न मेंढ्यात रोजच्या चुलीपाशी येऊन ठेपतो.

या प्रश्नाचे उत्तर सरकारदरबारी वेळोवेळी बदलत गेले. जमीनदारीच्या काळात रयतेला जंगलातून घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, गवत आणि चराई मिळे. त्याला निस्तार म्हणत. 1950च्या सुमारास जुन्या मध्य प्रदेश राज्यात जमीनदारी आणि मालगुजारी संपली, तेव्हा हे हक्क निस्तारपत्रकांत लिहिले गेले. पुढे 1956मध्ये चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960मध्ये महाराष्ट्र झाला, 1982मध्ये गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. या उलथापालथीत निस्तारपत्रके फायलींत राहिली आणि प्रत्यक्षातला ताबा वनविभागाकडे गेला. बांबू लांबच्या मुदतीच्या करारांवर कागद गिरणीला जाऊ लागला. ज्या रानाजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्याच रानातून काठी आणताना गावकरी चोर ठरू लागला. निस्तारपत्रकाचा तो कागद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो कामी आला.

गाव जागे झाले ते धरणांच्या प्रश्नावरून. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे आखली गेली होती. त्यांत आदिवासींची गावे आणि जंगल बुडणार होते. 1984च्या सुमारास 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, आदिवासींचे नेते लालश्याम शहा होते. मेंढ्याचे देवाजी तोफा तरुण वयात याच आंदोलनात ओढले गेले. धरणे झाली नाहीत. आंदोलनातून परतलेल्या माणसांच्या मनात मात्र एक विचार घर करून राहिला : आपल्या गावापुरते राज्य आपणच केले तर? त्यातून गोंडीतली घोषणा आली, 'मावा नाटे, मावा राज'. आमच्या गावात आमचे राज्य. तिचाच मराठी विस्तार आज सर्वदूर ऐकू येतो : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

घोषणा देणे सोपे असते. गावात आपणच सरकार म्हटले की रस्ता, वाद, झाड, दारू, पाणी, पैसा हे सगळे आपल्याच अंगावर येते. मेंढ्याचे वेगळेपण इथे सुरू होते. याच काळात चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात येऊ लागले. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडलेले आणि सर्वोदयाच्या विचारात वाढलेले हे कार्यकर्ते अशा गावाच्या शोधात होते, जिथे लोक एकत्र बसतात आणि एकमताने ठरवतात. मेंढ्यात ते त्यांना सापडले. त्यांनी गावाला कार्यक्रम दिला नाही, निधीही आणला नाही. अभ्यास करू या, एवढेच म्हटले. निर्णय गावाचा, आपण फक्त सहयोगी मित्र, हे पथ्य त्यांनी कसोशीने पाळले. बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्याला गावाच्या डोक्यावर बसण्याचा मोह होतो. तो टाळता येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विदर्भातल्या सामाजिक कामात मला दुसरे दिसलेले नाही.

अभ्यासासाठी गट पडले. अभ्यासगटात कुणीही बसावे, गावचा असो की बाहेरचा. तिथे माहिती गोळा व्हायची, कायदा वाचला जायचा, शंका निघायच्या. तिथे निर्णय मात्र होत नसे. निर्णयाची जागा ग्रामसभा, आणि तिथे फक्त गावकरी. दोन बैठका वेगळ्या ठेवण्याची ही साधी रीत मेंढ्याच्या कामाचा कणा ठरली. अभ्यासगटात शिकलेला माणूस हुशारीच्या जोरावर ग्रामसभा दाबू शकत नव्हता, आणि ग्रामसभा अर्धवट माहितीवर भावनेच्या भरात ठरवू शकत नव्हती. वनकायदा, निस्तार, मधमाश्या, पंचायतीचा कायदा, असे विषय या गटांतून गेले. मधमाश्यांचा विषय घ्या. पोळे जाळून, माश्या मारून मध काढायची जुनी पद्धत सोडून माश्या जिवंत ठेवून मध काढण्याचे तंत्र गावाने आत्मसात केले. त्याची सुरुवात अशाच एका गटात झाली.

ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचे, त्याचे ऐकायचे. शहरातल्या माणसाला ही पद्धत वेळखाऊ वाटते. वेळ जातोच. पण बहुमताने घेतलेला निर्णय हरलेल्या माणसाच्या मनाला लागून राहतो, आणि लहान गावात तो माणूस शेजारी, सोयरा किंवा भाऊ असतो. एखाद्याने रात्री जंगलात शिरून एक झाड पाडायचे ठरवले तर पहारेकऱ्यांची फौजही त्याला अडवू शकत नाही. त्याने स्वतःच बैठकीत मान डोलावलेली असली, तर तो बहुधा जाणारच नाही. सर्वसहमतीत जो वेळ जातो तो पुढे राखणीत वाचतो, असे माझे मत आहे, आणि मेंढ्याचे जंगल पाहून ते पक्के झाले आहे.

दारूचा विषय असाच बैठकांमागून बैठका चालला. तो लावून धरला बायांनी. मोहाची दारू गोंडांच्या देवकार्यात लागते, त्यामुळे सरसकट बंदी कुणालाच पटणारी नव्हती. शेवटी देवापुरती मोकळीक ठेवून दारू थांबवायचे ठरले. या एका निर्णयाने ग्रामसभेत बायांचा आवाज कायमचा बसला. प्रत्येक घरातून किमान दोघांनी सभेला यावे, एक पुरुष आणि एक स्त्री, हा दंडक गावाने घातला. पंचायतीतल्या राखीव जागांची चर्चा देशभर होत होती त्या काळात एका गोंड गावाने घराघरांतून बाईला सभेत आणून बसवले. जंगलाच्या इतिहासातही याचे महत्त्व मोठे आहे, कारण रानात सर्वांत जास्त वेळ बायाच जातात. कुठली वाट तुटली, कुठे वणवा लागला, कुठे बाहेरच्यांनी कुऱ्हाड घातली, हे त्यांना आधी कळते.

त्यानंतरचा प्रसंग गोटुलाचा. गोंडांच्या तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याचे, शिकण्याचे ठिकाण म्हणजे गोटुल. ती रीत मेंढ्यात मावळत चालली होती. गावाने ती पुन्हा उभी करायचे ठरवले आणि जंगलातून सागाची लाकडे आणून गोटुल बांधले. वनविभागाने ते बेकायदा ठरवून मोडले आणि लाकूड जप्त केले. गाव चिडले, पण हातघाईवर आले नाही. आसपासची गावे एकत्र बसली. गोटुल मेंढ्यात पुन्हा उभे राहील आणि इतर गावांतही उभे राहील, असे ठरले. तसे झाले. दुसऱ्यांदा मोडायला कुणी आले नाही. या प्रसंगाने पंचक्रोशीला कळले की एकजुटीपुढे अधिकाऱ्यालाही थांबावे लागते. गावाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की आपण जंगलातून घेतलेल्या लाकडाचा हिशेब आपणच द्यायला हवा, ही जाणीव इथून रुजली.

हक्क मागायचा तर राखण आधी करावी लागते, हे मेंढ्याने लवकर ओळखले. कायदा बदलायची वाट न बघता गावाने नियम केले. फळझाडे तोडायची नाहीत. मोहाला, चारोळीला हात लावायचा नाही. वणवा लागला तर सगळ्यांनी धावायचे. नदीत विष टाकून मासे मारायचे नाहीत. जंगलात अतिक्रमण करून शेत काढायचे नाही. घरगुती गरजेला लागेल तेवढेच आणायचे, तेही ग्रामसभेला विचारून. वनसुरक्षा समिती नेमली आणि राखणीच्या पाळ्या लागल्या. पाळीवरच्या माणसाला पगार नाही. ज्या दिवशी राखण, त्या दिवशीची मजुरी बुडाली. हातावर पोट असलेल्या घराने एक दिवस बुडवणे म्हणजे काय, हे ज्याने ते केले त्यालाच कळते. जंगल वाचवणाऱ्यांचा इतिहास लिहिताना सगळ्यात आधी हा बुडालेला रोज मोजला पाहिजे, आणि तो मोजायचा तर मेंढ्यातल्या प्रत्येक घराचे नाव लिहावे लागेल.

याच सुमारास गावाने ग्रामकोष उभा केला. मजुरीच्या कामातून मिळालेल्या पैशातला दहावा हिस्सा कोषात घालायचा, अशी रीत पडली. लग्न, आजारपण, बियाणे यांसाठी सावकाराच्या दारी जाणे कमी झाले. स्वतःच्या खिशातून भरलेल्या पैशाचा हिशेब माणूस चोख विचारतो. सभेत हिशेब वाचून दाखवण्याची सवय इथेच लागली, आणि पुढे लाखोंचे व्यवहार आले तेव्हा ती उपयोगी पडली.

1990च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली. राज्याचे धोरण उजाड वनजमिनीवर झाडे लावण्यासाठी होते. मेंढ्याचे जंगल उभे आणि दाट, म्हणून ते योजनेत बसेना. जे राखले तेच अपात्र ठरावे, हा प्रकार गावाला मान्य नव्हता. अर्ज, बैठका, पुन्हा अर्ज, अधिकाऱ्यांना गावात बोलावणे असा पाठपुरावा पुष्कळ चालला आणि अखेर उभ्या जंगलासाठी गावाला योजनेत स्थान मिळाले. गिरणीच्या बांबूतोडीलाही गाव याच काळात आडवे गेले. एकीकडे गावकऱ्याला घरासाठी बांबू नाकारायचा आणि दुसरीकडे गिरणीला मोठ्या प्रमाणात द्यायचा, हे न्यायाचे नाही, हे मेंढ्याने शांतपणे आणि ठामपणे सांगितले.

मग 2006चा वनहक्क कायदा आला आणि 1 जानेवारी 2008पासून त्याचे नियम लागू झाले. या कायद्याने प्रथमच म्हटले की ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. ग्रामसभेने दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडायची, तिच्यात किमान एक तृतीयांश बाया, आणि तिने दाव्याचे पुरावे जमवायचे. अनेक गावांत या समित्या कागदावर बनल्या आणि कागदावरच राहिल्या, कारण दावा लिहिणे हे किचकट, बिनपैशाचे आणि अजिबात नाव न मिळवून देणारे काम आहे. सीमा चालत जाऊन पाहायच्या. शेजारच्या गावांशी बसून हद्द मिटवायची. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे. तलाठी, वनपाल, तहसील अशा फेऱ्या मारायच्या. मेंढ्याचा अभ्यास तयार होता. बांबू कुठे, देव कुठे, पाणवठा कुठे, हे लोकांना पाठ होते, आणि निस्तार हक्काचा जुना दाखला कायद्याच्या चौकटीत चपखल बसत होता. 2009मध्ये मेंढा आणि मारदा या गडचिरोलीतल्या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात हा पहिला मान.

हक्काचा कागद हाती आला तरी बांबू गावाबाहेर जाईना. भारतीय वन अधिनियम 1927मध्ये तेव्हा बांबू झाडांत गणलेला होता, तर नव्या कायद्यात तो गौण वनोपज. वनविभाग वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, द्यायला तयार नव्हता. टीपीशिवाय बांबू रस्त्यावर आला की जप्त. मग विकायचा कसा? हे भांडण मेंढ्याने एकट्याने लढले नाही, पण पुढे तेच राहिले. 21 मार्च 2011 रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानावे असे कळवले. 27 एप्रिल 2011 रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफा यांच्या हाती दिले. जो परवाना द्यायचा अधिकार आजवर वनाधिकाऱ्याचा होता, तो ग्रामसभेचा झाला. त्या दिवसाची छायाचित्रे देशभर छापून आली.

छायाचित्रांनंतरचे काम मात्र कुणी छापले नाही, म्हणून ते इथे नोंदवतो. बांबू विकायचा तर कोणत्या रांझीतले, म्हणजे बांबूच्या बेटातले, किती कोंब ठेवायचे, कोणते तोडायचे, याची शिस्त लागते. मजुरांची हजेरी, मोजणी, गठ्ठे, ठेकेदाराशी बोलणी, निविदा, बँकेतले खाते, पॅनकार्ड, कराचा हिशेब हे सगळे आले. पहिल्याच मोठ्या विक्रीत रक्कम कोटीच्या घरात गेली. ज्या गावाने कधी एवढा पैसा पाहिला नव्हता, तिथे तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजला गेला. मजुरी लोकांच्या हाती गेली आणि उरलेल्यातून जंगलाची आणि गावाची कामे झाली. शिकलेल्या तरुणांनी वह्या सांभाळल्या, म्हाताऱ्यांनी रानात कुठे हात घालायचा ते सांगितले. पैशाने फुटलेल्या संस्था महाराष्ट्रात थोड्या नाहीत. मेंढा फुटले नाही, याचे श्रेय मी ग्रामकोषाच्या जुन्या हिशेबवहीला देतो.

2013मध्ये गावाने आणखी एक पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम 1964खाली गावकऱ्यांनी आपली खासगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. विनोबांच्या काळातली ही कल्पना बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झाली होती. ग्रामदानात जमीन कसणारा तोच राहतो, मालकी मात्र समाजाची होते. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी जातो आणि उरलेल्या जमिनीचा सौदा गावाबाहेर परस्पर करता येत नाही. खाणींच्या आणि रस्त्यांच्या नावाखाली जमिनीचे व्यवहार वाढत असलेल्या जिल्ह्यात एका गावाने आपली जमीन बाजारातूनच काढून घेतली. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकामुळे मराठी वाचकांना मेंढा माहीत झाले होते. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने इथल्या लोकांच्या निसर्गज्ञानाबद्दल आदराने लिहिले. ग्रामदान त्या पुस्तकानंतरचे आहे आणि माझ्या मते जंगलाच्या हक्काइतकेच मोलाचे आहे.

आता माणसांबद्दल. देवाजी तोफा यांचे नाव घेतल्यावाचून हा इतिहास लिहिता येत नाही, आणि ते एकटेच घेतले तर इतिहास खोटा होतो. जंगलावरची पकड, गोंडी आणि मराठीतले सहज बोलणे, आणि मंत्री असो की वनरक्षक, सगळ्यांपुढे सारख्याच आवाजात बोलण्याची ताकद त्यांच्याजवळ आहे. तरीही परवान्याचे पुस्तक त्यांनी घेतले ते ग्रामसभेच्या वतीने. बाहेरच्या जगाला एक चेहरा लागतो, तो त्यांनी दिला. गावाला चेहरा लागत नव्हता. गावाला हवी होती वेळेवर सभेला येणारी, बोलणारी, ऐकणारी माणसे. पाळीवर जाणारी, वणव्याकडे धावणारी, वही लिहिणारी, दावा घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी माणसे. त्यांची नावे कुठल्याच बातमीत आली नाहीत. कामे बदलत राहिल्याने आज समितीत असलेला उद्या नुसता सभासद होतो, आणि नुसता सभासद असलेला परवा हिशेब तपासतो. पद जाते म्हणून कुणी रुसत नाही, कारण पदाबरोबर मिळायचे काय तर आणखी एक बैठक.

अडचणी संपलेल्या नाहीत. तरुणांना नोकरी आणि शहर हवे आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. बैठकीत तास घालवण्याची सवय मोबाइलच्या काळात टिकवणे अवघड आहे. वनविभागाशी ताण पूर्ण संपलेला नाही. मेंढ्याने वाट दाखवल्यावर एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. त्यांतल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूची विक्रीही स्वतः केली. पण हक्क मिळणे आणि राखण चालणे यांत मोठे अंतर आहे. हक्काचा कागद कपाटात ठेवून ठेकेदाराच्या भरवशावर राहिलेली गावेही आहेत. त्यांना कायदा कमी पडलेला नाही, बसायला माणसे कमी पडली आहेत.

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एक विनंती आहे. तुमचे नाव ज्या गावाच्या मतदारयादीत आहे, त्या गावाच्या ग्रामसभेचे तुम्ही आजच सभासद आहात. त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही. गावाची गायरान जमीन, झुडपी जंगल, तळे, ओढा, देवराई यांचे काय चालले आहे, हे त्या सभेत विचारता येते. वर्षातून किमान चार सभा व्हायच्या असतात. पुढच्या सभेची तारीख ग्रामपंचायतीत विचारा, घरातल्या बाईमाणसाला बरोबर घ्या, आणि हिशेब वाचून होईपर्यंत उठू नका.